म्हाताऱ्या पेशंटची केस नको म्हणणाऱ्या मुली, आणि आपण शिकवणारे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही नुकत्याच क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, म्हणजे वॉर्डात शिकवणाऱ्या शिक्षिका, झालात आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची बॅच फिमेल मेडिकल वॉर्डात घेऊन जाता. वॉर्डात निम्म्याहून जास्त बायका साठीच्या पुढच्या. केस वाटायला लागलात की मुलींचे चेहरे पडतात. ‘मॅडम, आजी नको, मला आयसीयूत पाठवा,’ असं एक-दोघी तोंडावर म्हणतात. तुम्ही वृद्धाश्रमाला भेट दिलीत, संवेदनशीलतेवर व्याख्यान ठेवलंत, फरक काही पडला नाही. आता प्राचार्यांनी मुलींचा वृद्धांबद्दलचा दृष्टिकोन मोजणारी प्रश्नावली भरून घ्यायला सांगितली आहे. आणि तुम्ही विचारता, या पिढीला म्हाताऱ्या माणसांची मायाच उरली नाही का, आणि ती शिकवायची कशी?

मायेचा मुद्दा जरा बाजूला ठेवू. मी सरकारी रुग्णालयातही शिकवलं आहे आणि खासगीतही, आणि मायेची टंचाई मला फारशी दिसली नाही. जी मुलगी सकाळी ‘आजी नको’ म्हणते तीच दुपारी त्याच आजींना खिचडी कालवून भरवते, गालाला हात लावते, ‘खा ना गं’ म्हणते. पण तिला विचारा, आजींनी आज किती खाल्लं, पाणी पिताना ठसका लागतो का, कवळी कुठे आहे? उत्तर येत नाही. घरी नातीने भरवावं तसं तिने भरवलं. नर्स म्हणून बघायचं ते राहून गेलं. म्हणून मला विचाराल तर प्रश्न असा आहे: म्हाताऱ्या पेशंटमध्ये डोकं चालवण्यासारखं काही असतं, असं या मुलींना वाटतं का? वाटत नसेल तर ते त्यांना शिकवलं कोणी?

बरंचसं आपणच. ऑस्ट्रेलियात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या वेळी आणि पुन्हा कोर्स संपताना विचारलं गेलं, पुढे कुठे काम करायला आवडेल. वृद्धांची सेवा सुरुवातीलाही यादीत खाली होती आणि शेवटी आणखी खाली गेली. म्हणजे घरून आणलेल्या नाखुशीत कॉलेज आणि वॉर्ड भरच घालतात. आपल्याकडे याहून वेगळं घडत असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

पुढे जाण्याआधी एक सांगते. मी जे लिहितेय ते सगळं तुमच्याकडे जसंच्या तसं चालेल असं नाही. तीस-चाळीस पेशंटला एक सिस्टर, जमिनीवरही गाद्या, अशा वॉर्डात शिकवणं वेगळं आणि खासगी रुग्णालयाच्या सेमी-प्रायव्हेट खोलीत, जिथे नातेवाईक मुलींना हातही लावू देत नाहीत, तिथलं वेगळं. तुमच्या वाट्याला आठ मुली येतात की पंचवीस, वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरशी तुमचं कसं जमतं, यावरही पुष्कळ ठरेल.

आता मुली का टाळतात ते बघू. पहिलं कारण शरीराचं, आणि आपण त्यावर वर्गात कधी बोलत नाही. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. तिने आजवर म्हातारं उघडं शरीर पाहिलेलं नसतं. सैल कातडी, लघवीचा वास, स्तनाखाली चिघळलेली घडी, आणि तिला एकदम सांगितलं जातं, ‘जा, स्पंज दे,’ म्हणजे अंग पुसून दे. ब्रदर म्हणजे मुलगे असलेल्या विद्यार्थ्यांची अडचण याहून मोठी, त्यांना तर आजीही हाकलतात आणि सूनही. त्यात ‘हे वॉर्डातल्या सफाईच्या मावशींचं काम’ ही समजूत. आपल्याकडे मलमूत्र साफ करण्याचं काम शतकानुशतकं जातीशी बांधलेलं राहिलं. ती भावना वॉर्डाच्या दाराशी थांबत नाही. मी हे बॅचसमोर सरळ बोलते. काही मुली खाली बघतात, काहींना बरं वाटतं की कोणीतरी बोललं.

दुसरं कारण मला पुस्तकातून नाही, मुलींच्या घरच्या गप्पांतून कळलं. यातल्या बऱ्याच जणी खेड्यातून आलेल्या. घरी आजीचं सगळं केलेलं असतं, तेही दहावी-बारावीचा अभ्यास सांभाळून. भाऊ क्रिकेट खेळत होता तेव्हा ही पॉट देत होती. घरच्यांनी कर्ज काढून फी भरली ती मुलगी ‘सिस्टर’ व्हावी म्हणून, आणि इथे येऊन हातात परत तोच पॉट. तिची नाराजी आजीवर नसते. आपण पुढे आलो की तिथेच राहिलो, हे तिला कळेनासं होतं. अशा मुलीला संवेदनशीलतेचं व्याख्यान देणं म्हणजे जखमेवर मीठ. तिला दाखवायला हवं की घरी केलं ते आणि इथे करायचं ते यांत फरक काय आहे. तो फरक शिक्षणाचा आहे, आणि तो आपणच दाखवला नाही तर तिला तो कुठे दिसणार?

तिसरं कारण सगळ्यांना माहीत आहे: व्हेंटिलेटर, मॉनिटर, लेबर रूम यांचा रुबाब आणि लॉगबुकातली, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीतली, रिक्वायरमेंट. त्यावर फार लिहीत नाही. फक्त आयसीयू मागणाऱ्या मुलीला तिथल्या पेशंटची वयं वहीत लिहून आणायला सांगा.

आता आपल्याबद्दल. कुठल्याही वॉर्डात अर्धा तास उभं राहून इन्स्ट्रक्टरकडे बघा. चांगली केस, म्हणजे तरुण पेशंट, ठळक निदान, हुशार मुलीला. म्हातारी, चार आजार असलेली, ‘जनरल वीकनेस’ लिहिलेली बाई कच्च्या मुलीला, किंवा उशिरा आलेलीला शिक्षा म्हणून. राउंडला आपण त्या बेडशी किती वेळ थांबतो? आणि बोलतो कोणाशी? पेशंट शुद्धीवर, समोर बसलेली, आणि आपण सुनेला विचारतो, ‘यांना झोप लागली का?’ मुली हे टिपतात. अभ्यासक्रमात काय लिहिलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. नाहीतर भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ पासून आलेल्या सेमिस्टर पद्धतीत जेरियाट्रिक नर्सिंग, म्हणजे वृद्धांचं नर्सिंग, आहेच, ॲडल्ट हेल्थ नर्सिंग या विषयाच्या दुसऱ्या भागात. पण वर्गातला तो भाग एका बाजूला आणि बेडशेजारची आपली वागणूक दुसऱ्या बाजूला असली, तर मुली वागणूकच उचलतात.

एक गोष्ट जास्त बोचते. ज्यांच्याजवळ कोणी नातेवाईक नाही अशा म्हाताऱ्या पेशंटवर प्रोसिजर शिकवली जाते. नाकातून पोटात घालायची राइल्स ट्यूब, लघवीची नळी म्हणजे कॅथेटर, शीर सापडेपर्यंत सुई. का, तर त्या ओरडत नाहीत आणि त्यांच्या बाजूने भांडायला कोणी येत नाही. पेशंटला विचारल्याशिवाय आणि त्या बाईला त्या प्रोसिजरची गरज असल्याशिवाय मुलीने हात लावायचा नाही, हा नियम इन्स्ट्रक्टरने पाळला तरच मुली पाळतात. याला कोणाची परवानगी लागत नाही, निधी लागत नाही. उद्यापासून करता येतं.

बेडशेजारी मी काय शिकवते ते आता सांगते. माझ्या बॅचमध्ये एक बंदी असते: केअर प्लॅनमध्ये किंवा हँडओव्हरमध्ये, म्हणजे पुढच्या ड्यूटीला माहिती देताना, ‘वयामुळे’ हे कारण चालत नाही. वयामुळे चक्कर, वयामुळे विसर, वयामुळे भूक नाही. नव्वदीच्या बाईलाही काल भूक होती आणि आज नाही, तर कालपासून आजपर्यंत काहीतरी घडलंय. ते शोधायचं.

यातलं सगळ्यात मोठं उदाहरण डिलिरियमचं, म्हणजे आजारपणात अचानक उडणाऱ्या मेंदूच्या गोंधळाचं. ऑर्थो वॉर्डात हे नेहमी भेटतं. खुब्याचं हाड मोडून बाई आल्या. पहिल्या दिवशी गाव, सुना, शेत सगळं नीट सांगतात. ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री सलाइन ओढतात, ‘म्हशी सुटल्या’ म्हणून कॉटवरून उतरायला बघतात. कोणीतरी बँडेजने हात कॉटला बांधतं. सकाळी त्या गुंगीत असतात, आणि आपली मुलगी हँडओव्हर देते: ‘आजी रात्री बडबडत होत्या, वयामुळे. आता शांत आहेत.’

इथे मी थांबते आणि सगळ्या बॅचला त्या बेडशी बोलावते. १९९० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टर शेरॉन इनोये यांनी डिलिरियम ओळखण्याची एक साधी पद्धत मांडली, तिला कॅम म्हणतात. चार गोष्टी बघायच्या. बदल अचानक आला आहे का आणि दिवसभरात कमी-जास्त होतो का? लक्ष टिकतं का? बोलण्यात संगती आहे का? जाणीव नेहमीसारखी आहे, की गुंगी किंवा अति सावधपणा आहे? पहिल्या दोन हव्यातच, आणि उरलेल्या दोनपैकी एक. लक्ष तपासायला इंग्रजी महिने कशाला? आपल्या आजींना वार उलटे म्हणायला सांगा, किंवा फाल्गुनापासून मागे चैत्रापर्यंत यायला सांगा. पोथी वाचणाऱ्या बाई एरवी घडाघडा म्हणतील. आज माघापाशी अडखळून खिडकीबाहेर बघायला लागल्या तर ते नोंदवा. पण त्या एरवी कशा होत्या हे कोण सांगणार? सून किंवा मुलगा. म्हणून नातेवाइकाला विचारायचा प्रश्न एकच, ‘या नेहमी अशाच असतात, की दोन दिवसांत बदलल्या?’

मग कारणं. लघवी तुंबली आहे का? संडास कधी झाली? रक्तातलं सोडियम उतरलंय का, ऑक्सिजन कमी आहे का? दुखतंय पण सांगता येत नाही असं आहे का? ताप नाही म्हणून इन्फेक्शन नाही असं म्हाताऱ्या पेशंटमध्ये धरता येत नाही, तर छाती, लघवी, जखम कोणी बघितली का? रात्री ‘झोपेसाठी’ एव्हिल किंवा फेनर्गन ही ॲलर्जीची औषधं दिली का? ती म्हाताऱ्या मेंदूला गोंधळात टाकतात. चष्मा आणि कानाचं यंत्र ‘हरवेल’ म्हणून घरी ठेवलंय का? रात्री लाइट डोळ्यांवर, दर तासाला कोणीतरी उठवतं, शेजारी आरडाओरडा, याही गोष्टी यादीत येतात. डॉक्टर राउंडपुरते येतात. संध्याकाळी ठीक असलेली बाई पहाटे बिघडली, हे सर्वात आधी कळू शकतं ते नर्सला. मुलीने हे नीट लिहून ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं, तपासणी झाली, कॅथेटरची नळी मुडपलेली निघाली किंवा सोडियमचा रिपोर्ट कमी आला, तर ती मुलगी पुढच्या वेळी ‘आजी नको’ म्हणताना जरा विचार करते. सगळ्या नाही, पण काही नक्की.

डिलिरियमची दुसरी तऱ्हा आणखी फसवी. त्यात पेशंट काही ओढत नाहीत, ओरडत नाहीत, नुसत्या पडून असतात. वॉर्डाला त्या फार सोयीच्या. ‘बेड चौदा, काही त्रास नाही.’ मी मुलींना सांगते, वॉर्डातल्या सगळ्यात शांत म्हाताऱ्या पेशंटपाशी आधी जा.

हार्ट अटॅकचंही तसंच. कित्येकदा छातीत कळ नाही, नुसता दम, घाम, गळून जाणं, मळमळ. पुस्तकातली लक्षणं तरुण पेशंटमध्ये ठळक दिसतात, म्हातारपणी तीच झाकलेली असतात आणि त्यावर आणखी तीन आजार आणि आठ गोळ्या असतात. अवघड केस हीच, हे हुशार मुलीला पटवायला वेळ लागत नाही. म्हणून माझी पद्धत साधी आहे: बॅचमधल्या सगळ्यात तल्लख मुलीला वॉर्डातली सगळ्यात म्हातारी पेशंट.

अंग पुसण्याबद्दल. पहिल्यांदा स्पंज देताना मी स्वतः ग्लोव्हज घालते आणि मुलगी माझ्या समोरच्या बाजूला असते. एकटीला पडद्याआड ढकलत नाही. पुसता पुसता विचारते, टाचा लाल आहेत का? दाबून बघ, लाली जाते का? माकडहाडापाशी काय दिसतंय? दंडावरचे हे काळे-निळे डाग पडल्याचे, रक्त पातळ होण्याच्या गोळ्यांचे, की कोणी धरल्याचे? हा शेवटचा प्रश्न मुलींना हादरवतो, आणि तो विचारायलाच हवा. ब्रेडन स्केल मुलींना पाठ असतो, सहा मुद्दे, १८ किंवा कमी गुण म्हणजे बेडसोरचा, पडून राहून होणाऱ्या जखमांचा, धोका. पण तो ऑफिसात खुर्चीवर बसून भरलेला मी परत करते. पुसताना भरलेला घेते.

बेडपॅन, डायपर आणि चालणं हा तिसरा धडा. काठी टेकत स्वतः दवाखान्यात आलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी डायपर लावलेलं असतं, कारण संडास लांब आणि फरशी ओली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं, तर पायांतलं सुमारे एक किलो मांसल वजन गेलं. त्यांना तर आजारही नव्हता. मुलींना हे सांगितलं की डायपरकडे त्या वेगळ्या नजरेने बघतात. मात्र नुसतं ‘चालवा’ म्हणून भागत नाही. आधी आडवं असताना बीपी घ्या, मग उभं केल्यावर एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ती बाई सकाळी संडासला जाताना पडू शकते. नऊवारीचा घोळ, पायात घरची गुळगुळीत चप्पल, भारतीय पद्धतीचा संडास, धरायला कठडा नाही, हे सगळं बघणं नर्सिंगच आहे. जिथे पेशंटच्या मानाने हात कमी आहेत तिथे सगळ्यांना चालवणं जमणार नाही हे मला मान्य आहे. मग निवडा: जी परवापर्यंत चालत होती तिला आधी.

बोलण्याबद्दल थोडंसं. आजी, मावशी, काकू म्हणायला माझी हरकत नाही, आपल्याकडे ते स्वाभाविक आहे. पण केसपेपरवरचं नाव माहीत हवं, आणि पहिल्या भेटीत विचारावं की तुम्हाला काय म्हणू. निवृत्त मुख्याध्यापिकेला एकेरीत, बाळाशी बोलावं तसं ‘आ कर, आ कर’ म्हटलेलं मी ऐकलंय. बाईंनी तोंड मिटलं ते मिटलंच, आणि वहीत नोंद झाली, ‘सहकार्य करत नाहीत.’

आणि आता हे सगळं शिकण्याचं एक नवीन कारण. तुमच्या बॅचमधल्या दोन-चार जणी जर्मनीत नोकरीसाठी जर्मन भाषेचे क्लास करत असतीलच. २०२० पासून जर्मनीत वृद्धांची सेवा आणि रुग्णालयातलं नर्सिंग यांचं शिक्षण एकत्र झालं आहे, आणि अंग पुसणं, भरवणं, चालवणं हे तिथे नर्सच करते. तिकडे जाऊन मुली आश्चर्यचकित होतात आणि मला मेसेज करतात. म्हणून आता जाणाऱ्या मुलींना मी हे आधीच सांगून ठेवते.

वृद्धाश्रमाची भेट वाईट नाही. पण एका दुपारी जाऊन गाणी म्हणून, फळं वाटून, फोटो काढून परत आलं की मुलींच्या मनात म्हातारपण म्हणजे बिचारेपण एवढंच पक्कं होतं. कम्युनिटी पोस्टिंगमध्ये, म्हणजे वस्तीतल्या घरोघरच्या कामात, तीच मुलगी त्याच घरी चार-सहा वेळा गेली, सत्तरीच्या बाई अजून भाजीचा ठेला लावतात, नातवाला शाळेत सोडतात, भिशी चालवतात हे तिने पाहिलं, तर जास्त उपयोग. वॉर्डात आपल्याला फक्त आजारी पडलेले म्हातारे भेटतात आणि तेच सगळे म्हातारे असं वाटायला लागतं, आपल्यालाही.

आता प्रश्नावली. बहुधा तुमच्या हातात कोगन यांचं स्केल दिलं असेल: १९६१ चं, ३४ विधानांचं, किती सहमत ते लिहायचं. ते भरून घ्या, त्यात वाईट काही नाही. फक्त निकालावर फार इमारत उभारू नका. त्यात एक विधान साधारण असं आहे की म्हाताऱ्यांनी आपल्या वयाच्या लोकांबरोबर वेगळ्या वसाहतीत राहिलेलं बरं. आपली मुलगी ते वाचताक्षणी मनात वृद्धाश्रम आणते आणि ‘पूर्ण असहमत’ ठोकते, कारण सुसंस्कृत घरातली मुलगी दुसरं काय लिहिणार? गुण छान येतील. वॉर्डातलं वागणं त्याने कळणार नाही. प्रश्नावली वाटायचीच तर इन्स्ट्रक्टर आणि वॉर्डातल्या सिस्टर यांनाही वाटा. मुलींची आणि आपली उत्तरं शेजारी ठेवली की प्राचार्यांना जास्त काहीतरी दिसेल.

त्याच्या जोडीला केसपेपर आणि लॉगबुक यांतून मोजता येईल असं थोडं मोजा. महिन्याच्या केस प्रेझेंटेशनपैकी साठीच्या पुढच्या पेशंटच्या किती, आणि त्या कोणाला दिल्या होत्या. किती चार्टवर आडवं आणि उभं अशी दोन्ही बीपी आहेत. डायपर लावलेल्यांपैकी किती जणी ॲडमिशनच्या दिवशी चालत आल्या होत्या. ‘वयामुळे’ किती वेळा लिहिलं गेलं. हे काम मुलींनाच द्या. इन्चार्ज सिस्टरना आधी विश्वासात घ्या, नाहीतर त्यांना वाटेल की कॉलेजवाले आमच्या चुका काढायला आलेत, आणि पुढच्या महिन्यात तुम्हाला वॉर्डात खुर्चीही मिळणार नाही. पहिला तक्ता त्यांच्याच हातात द्या. काय बदलता येईल आणि काय माणसं कमी असल्यामुळे बदलता येणार नाही, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.